सत्कारमूर्ती घुबडाचा संप

"माझी नजर गरुडाची, कान घुबडाचे, आणि नाकाबद्दल मी स्वतः काय बोलावं?" दाजी आपली ओळख अशी करून द्यायचे. नाकाबद्दल बोलायची खरंच गरज नव्हती. ते दाजींच्या आधी खोलीत शिरायचं. दिवसभर ते घड्याळं दुरुस्त करत आणि उरलेल्या वेळात गुन्हेगारी जगताचा थरकाप उडवत. गुन्हेगारी जगताला याची कल्पना नव्हती. त्यांचा सहायक म्हणजे त्यांचा मेव्हणा. पगार शून्य, केवळ बहिणीच्या शब्दाखातर तो हे सगळं सोसत होता.

त्या दिवशी बागेतल्या शिकारी पक्ष्यांच्या शिक्षण केंद्राचा सत्कार होता. जखमी ससाणे, घारी, घुबडं बरी करायची आणि शाळेतल्या मुलांना दाखवून त्यांची भीती घालवायची, हे काम तिथे वर्षानुवर्षं चालू होतं. आज त्याबद्दल पितळी मानपत्र मिळणार होतं. केंद्रातलं भिंतीवरचं घड्याळ दाजींनी एकदा दुरुस्त केलं होतं, म्हणून त्यांनाही सहकुटुंब आमंत्रण होतं.

ते पोचले तेव्हा केंद्राच्या मुख्य बाई दारातच रडवेल्या होऊन उभ्या होत्या.

"आजी येत नाहीये हो हातावर," त्या म्हणाल्या.

आजी म्हणजे केंद्रातलं सगळ्यांत जुनं गव्हाणी घुबड. मोडक्या पंखानिशी आलेलं, बाईंनी स्वतः बरं केलेलं. बाईंनी चामड्याचा हातमोजा वर धरला की आजी दालनाच्या त्या टोकावरून उडत येऊन त्यावर बसायची. आजच्या कार्यक्रमात तेच दाखवायचं होतं, पण आजी डोळे मिटून ढिम्म बसली होती.

"कार्यक्रमाचं काही नाही," बाई म्हणाल्या. "पण तिचं वय झालंय. तिला काही बरंवाईट झालं, तर ते मानपत्र घेऊन मी काय करू?"

दाजींनी चष्मा पुसला. "आता कुणी आत येणार नाही, कुणी बाहेर जाणार नाही!"

"मग मी दारातच उभी राहू?" बाईंनी विचारलं.

दाजींनी आजीला तीनदा न्याहाळलं आणि जाहीर केलं, "ही आजी नव्हेच. तोतया आहे. खरी पळवलीय."

"पण दाजी, पंखावरची जुनी खूण जशीच्या तशी आहे," मेव्हणा म्हणाला.

"बघ! म्हणजे टोळी किती सराईत आहे!"

मग त्यांची नजर माळ्याच्या पायांकडे गेली. "बुटांना माती कशी?"

"मी माळी आहे, साहेब."

"उत्तर तयारच होतं," दाजी मेव्हण्याच्या कानात पुटपुटले.

एवढ्यात त्यांना आजीच्या बैठकीखाली एक करडी गोळी सापडली. त्यांनी ती हुंगली, फोडली आणि ते ओरडले, "केस! हाडं! इथे खून झालाय!"

"झालाय, पण उंदराचा," भिंतीवरचा फलक वाचत मेव्हणा म्हणाला. "घुबडं न पचलेली हाडं अशी गोळी करून ओकतात."

दाजींनी गोळी खाली ठेवली आणि बराच वेळ रुमाल शोधला.

ताई, म्हणजे मेव्हण्याची बहीण आणि दाजींची बायको, इतका वेळ बाकावर बसून आजीकडेच पाहत होती. "अहो, हिला काही झालेलं नाही. हिचं पोट भरलंय. आमची पोरं जेवणाआधी खाऊ हाणतात आणि मग अशीच बसतात."

"शक्यच नाही!" बाई म्हणाल्या. "भरल्या पोटी पक्षी हातावर येत नाही, म्हणून उडण्याआधी कुणी घास द्यायचा नाही, हा इथला पहिला नियम. सकाळी वजन करून पाहिलंय मी."

"आणि नंतर?"

"नंतर तराजू घासूनपुसून प्रदर्शनात मांडला. ससाण्याने खाल्लं तर गळा फुगलेला दिसतो. घुबडाला गळ्यात घास साठवायची पिशवीच नसते, मग कळणार कसं?"

"बाई, आज तिचा सत्कार," ताई हसली. "घरात ज्याचं कौतुक असतं, त्याच्या हातावर येताजाता कोण काही ठेवत नाही?"

मग माळी खाकरला. "मी एकच तुकडा दिला. एवढासा."

"मी पण," पक्ष्यांचे डॉक्टर छताकडे बघत म्हणाले.

"मला वाटलं, एका घासानं काय होतंय," तिकीट खिडकीवरच्या मावशी म्हणाल्या.

शेवटी बाईच लाल झाल्या. "वजन झाल्यावर मीसुद्धा दिला. म्हटलं, आजचा दिवस." आणि इतका वेळ दाबून धरलेलं रडू एकदम फुटलं, मग त्या हसल्या.

"म्हणजे माझं बरोबर होतं," दाजी म्हणाले. "टोळीच होती."

पाहुणे आले, दालन भरलं. बाईंनी हात वर केला. आजीने एक डोळा उघडला आणि मिटला. कुजबुज सुरू झाली.

"ती आजारी नाही," बाईंनी सरळ सांगून टाकलं. "आम्ही सगळ्यांनी एकमेकांपासून लपून तिला भरवलंय. भूक लागली की ती माझ्याकडे येते. ती घासासाठी येते, माझ्यासाठी नाही, हे मला ठाऊक आहे. रोज ती येते, आज मीच जाते."

त्या दालन ओलांडून आजीपाशी गेल्या आणि रिकामा हातमोजा तिच्यापुढे धरला. आजीने डोळे उघडले. मोज्यावर मांस नव्हतं, ते तिने नीट बघून घेतलं. मग तिने एक पाय उचलून मोज्यावर ठेवला, पाठोपाठ दुसरा, आणि बाईंच्या खांद्याकडे सरकून पुन्हा डोळे मिटले.

दाजी अस्वस्थ झाले. "हे काही जुळत नाही. भूक नाही, घास नाही, मग ही गेली कशाला?"

मेव्हण्याने तोंड उघडलं, पण ताईनेच नवऱ्याच्या हातावर हात ठेवला.

"याचा तपास नका करू हो," ती म्हणाली.