खानवडीचं अंतर

गाडीला मोठे टायर बसवले की रस्ता खरोखरच कमी होतो, ही गोष्ट बाहेर कुठे बोलायची नाही असं बाबांनी बजावलं आहे. तरी सांगते. फक्त साइज विचारू नका.

आईची बदली खानवडीच्या शाळेत झाली. आमच्या घरापासून ती शाळा एक्कावन्न किलोमीटर तीनशे मीटर. पन्नासच्या आत घर असेल तर शिक्षकांना रोज ये-जा करता येते, नाहीतर तिथेच राहावं लागतं. जूनपासून आई तिथे एका खोलीत राहत होती आणि फक्त शनिवारी घरी येत होती. बाबा याबद्दल काही बोलत नसत. पण चपलांच्या मांडणीत आईची जागा त्यांनी रिकामी ठेवली होती, आणि तिथे कुणी बूट ठेवले तर ते मुकाट्याने उचलत.

श्रावणात ते दस्तगीरभाईंच्या टायरच्या दुकानात गेले.

“किती कमी करायचंय?” दस्तगीरभाईंनी विचारलं.

“तेराशे मीटर. थोडं जास्त झालं तरी चालेल.”

दस्तगीरभाईंनी जुन्या टायरवरची माती पुसून आकडे वाचले. “हे एकशे पंचावन्नचे. एकशे पासष्टचे टाकू. रिम तीच राहील. चौदाशेला थोडं कमी, एवढं निघंल. त्याच्या वर गेलात तर वळताना मडगार्डला घासतंय. आणि सर, कुठला तुकडा काढायचा ते लिहून द्या. मागं डॉक्टरांनी नुसतं ‘कुठलाही’ लिहिलं. करंजफाट्याचा बसथांबा अजून सापडला नाही.”

बाबांनी बराच विचार करून पवनचक्क्यांचा माळ लिहिला. तिथे फक्त बिरूमामा धायगुडे मेंढरं चारतात. त्यांची ना-हरकत घ्यायला बाबा स्वतः गेले.

“न्या की,” बिरूमामा अंगठा उठवत म्हणाले. “मेंढरांची तेवढीच चाल वाचंल.”

बाबांनी चार टायर घेतले.

आईला घरून ये-जा करू द्यावी म्हणून बाबांनी अर्ज केला होता; सोमवारी अंतर मोजायला शिक्षण कार्यालयातून नलावडेसाहेब आले आणि बाबांच्या शेजारी, डाव्या सीटवर बसले. पूर्वी माळ होता तिथे बाभळीचा काटा लागून पुढचं उजवं चाक बसलं. बाबांनी स्टेपनी लावली. स्टेपनी जुनीच होती, एकशे पंचावन्नची.

गाडी खानवडीला थांबली तेव्हा नलावडेसाहेब पोहोचले होते. बाबा पोहोचले नव्हते. साहेब उतरले, आईशी बोलले, पाणी प्यायले. गाडीची उजवी बाजू यायला आणखी तीन मिनिटं लागली.

“तुमच्या बाजूने एक्कावन्न तीनशेच भरतात,” साहेब वहीत लिहीत म्हणाले.

“साहेब, ते स्टेपनीमुळे.”

“स्टेपनी गाडीचीच ना?”

“हो.”

“मग? नियमात उजवं-डावं नाही. चार चाकांची सरासरी धरतात. पन्नास किलोमीटर दोनशे साठ मीटर. अर्ज नामंजूर.”

आईने बाबांच्या शर्टाचं सुटलेलं बटण लावून दिलं. “शनिवारी येतेच आहे की मी,” ती म्हणाली.

बाबा घरी आलेच नाहीत, थेट दुकानात गेले. तिथे ते आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने बोलले.

“सगळ्यात मोठा कुठला आहे?”

“अहो सर, मडगार्ड!”

“कापा मडगार्ड.”

“माळ पुरायचा न्हाई. सगळाच रस्ता लागंल.”

“सगळा लिहून देतो. पाच टायर काढा.”

“पाच?”

“पाच.”

वाटेतल्या सगळ्या गावांच्या ना-हरकती आणायला बाबांना अकरा दिवस लागले. प्रत्येक सरपंचांकडे चहा घ्यावा लागला. मग नलावडेसाहेब पुन्हा आले, गाडीत बसले, आणि दार लावायच्या आत उतरले. अर्ज मंजूर झाला.

आता आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून खानवडीच्या शाळेचा व्हरांडा दिसतो. रोज सकाळी आई गाडीत बसते, बाबा गाडी चालू करतात, बंद करतात, आणि आई शाळेत उतरते. बिरूमामांच्या मेंढरांनी आमची तगर खाल्ली, पण ना-हरकतीवर बाबांचीही सही आहे. चपलांच्या मांडणीत जागा नसते.

साइज सांगायची नाही याचं कारण एवढंच, की गल्लीत सगळ्यांनीच तो टायर बसवला तर कुणाच्या दारात काय येईल याचा नेम नाही. समोरच्या सुलभाकाकूंच्या सासूबाई साताऱ्याला असतात. पण तुम्ही इथपर्यंत ऐकलंत म्हणून सांगते. टायरच्या कडेला लिहिलंय दोनशे पस्तीस, मग एक तिरकी रेघ, आणि रेघेच्या पुढे—

“मृदुला, दूध वर आलंय बघ!” आई चौथीच्या वर्गातून ओरडतेय. आले गं आई, एवढं फक्त