कापसावर बेतलेला स्नोबोर्ड

खरेदीच्या बाबतीत मला फसवणारा माणूस यवतमाळ जिल्ह्यात अजून जन्माला आलेला नाही! मापं घेतल्याशिवाय मी चप्पलसुद्धा घेत नाही. कूलर घ्यायला गेलो तेव्हा दुकानात खुर्ची मागवून दीड तास त्याच्या वाऱ्यात बसलो होतो. शेवटी दुकानदारानेच हात जोडून तो कूलर ऑटोत चढवून दिला. मग स्नोबोर्डचं काय घेऊन बसलात? नाव मोठं, पण शेवटी फळीच ना!

आता तुम्ही विचाराल, उन्हाळ्यात जिथे डांबर चपलेला चिकटून घरी येतं, तिथल्या माणसाला स्नोबोर्ड कशाला? त्याला कारण माझा साडभाऊ राजदीप. हा वणीला कोळशाच्या खाणीत डंपर चालवतो. मागच्या हिवाळ्यात तो गुलमर्गला जाऊन आला आणि बर्फावरून फळीवर उभं राहून घसरतानाचा वीस सेकंदांचा व्हिडिओ त्याने नात्यातल्या प्रत्येक माणसाला जातीने दाखवला. पुतण्याच्या साक्षगंधाच्या पंगतीत त्याने तो मला चौथ्यांदा दाखवला.

"साडभाऊ, या जानेवारीत तुमी बी चाला आमच्यासंगं. पण फळीवर उभं राहणं तुमच्याच्यानं होत नाई. तुमी आपले घोड्यावर बसा!"

पंगत हसली. मीही हसणारच होतो, तेवढ्यात माझी बायको साधना हातातलं वरणाचं पातेलं खाली ठेवून म्हणाली, "काहून होत नाई? आमचे हे उभे खाली येतीन. लिहून ठेवा!"

मी हातातला घास पुन्हा पानात ठेवला. एकोणीस वर्षांच्या संसारात साधनाने चारचौघांत माझ्याबद्दल फुशारकी मारायची ही पहिलीच वेळ. एरवी ती माझी ओळख "हे जरा विसरतात" अशी करून देते. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू! आणि लगेच भीतीही वाटली. मी पडलो, तर तिची बहीण नलू आणि हा राजदीप जन्मभर तिला ऐकवणार. ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, साधनाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही.

त्या दिवसापासून मी मोबाईलवर अभ्यासाला बसलो. समजलं ते असं, की बोर्ड बरोबर निवडला तर अर्धं काम झालं. तो साधारण हनुवटीपर्यंत यावा. वजन जास्त असेल तर थोडा लांब. पाय मोठा असेल तर रुंद, नाहीतर बोटं बर्फाला घासतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपला पुढचा पाय कोणता ते आधी ओळखावं. त्यासाठी आपण बेसावध असताना कुणीतरी मागून ढकलायचं. जो पाय आधी पडेल तो पुढचा.

"साधना, मी बेसावध असताना मले मागून ढकलशील?"

"खरंच?" तिच्या चेहऱ्यावर असा आनंद मी लग्नातही पाहिला नव्हता.

तिने तीनदा ढकललं. एकदा डावा पाय पुढे पडला, एकदा उजवा. तिसऱ्यांदा मी चहाचा कप घेऊन उभा होतो, तेव्हा आधी कप पडला आणि मग मी! चौथ्या दिवशी ऑफिसात ही गोष्ट फुटली, आणि आमचा अख्खा विभाग विज्ञानाच्या सेवेला धावून आला. आठवडाभर मी भिंतीला पाठ लावूनच फिरत होतो. शेवटी बहुमताने डावा पाय ठरला.

वजनासाठी मी घाटंजी रोडवरच्या जिनिंगमध्ये गेलो. तिथल्या काट्यावर माझा शाळेतला मित्र गुलाबसिंग बसतो. बावीस वर्षं कापूस मोजतोय. मी काट्यावर चढलो, त्याने आकडा पाहिला आणि सवयीने म्हणाला, "एकोणनव्वद. ओलाव्याचे दोन काटले. सत्त्याऐंशी लिहू काय?"

"अरे, मी कापूस नोहो!"

"बरं, एकोणनव्वद तं एकोणनव्वद. पण धम्मरत्न, ही फळी घ्याच्या आंधी चालवून नाई पाहणार? बैल बी आपण जुंपून पाहतो अन् मंग घेतो."

मुद्दा बिनतोड होता. पण यवतमाळात बर्फ कुठून आणायचा? गुलाबसिंगने फक्त हात केला. समोर अंगणात कापसाची गंजी उभी होती. दुमजली घराएवढी, पांढरीशुभ्र, वरून खालपर्यंत उतरती! काश्मीरच आमच्या दारात येऊन पडलं होतं, आणि आम्ही वेडे तिकिटं काढत बसलो होतो!

जिनिंगचे शेठ नागपूरला जाणार होते, तो दिवस आम्ही पक्का केला. सुताराकडून प्लायवूडच्या तीन फळ्या करून घेतल्या: एक छातीइतकी, एक हनुवटीइतकी आणि एक माझ्याहून पाच इंच उंच. खालून मेणबत्ती घासली, वरून जुन्या चपलांचे पट्टे ठोकले. शिडी लावून मी गंजीवर चढलो.

छातीइतक्या फळीवर उभा राहिलो आणि जागच्या जागी कमरेपर्यंत आत गेलो! हनुवटीच्या फळीवर दोन हात सरकलो आणि छातीपर्यंत बुडालो. गुलाबसिंगने काखेत दोर घालून मला वर ओढलं.

"याडी ये!" तो खालून ओरडला. आईची आठवण झाली की तो त्यांच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीवर जातो. "धम्मरत्न, तुया वजनाले मोठीच लागन!"

तिसरी, सगळ्यात लांब फळी मात्र चालली! सुसाट नाही, पण चांगली तीन पुरुष उंचीवरून मी उभाच्या उभा खाली आलो आणि पायथ्याच्या कापसात घुसून अलगद थांबलो. गुलाबसिंगने टाळ्या वाजवल्या. अंगभर कापूस चिकटलेला मी घरी गेलो, तर साधनाने आधी दार लावून घेतलं आणि मग खिडकीतून ओळख विचारली. पण माझा निर्णय झाला होता. आता अंदाज नाही, अनुभव होता!

पुण्याच्या एका दुकानात फोन लावला.

"सर, तुम्हाला शिकाऊ बोर्ड हवाय का?" तिथला मुलगा नम्रपणे म्हणाला.

"नाही. माझी चाचणी झाली आहे. हनुवटीइतका बोर्ड बुडतो. मला उंचीपेक्षा मोठा पाहिजे."

"बुडतो? किती खोल जाता सर?"

"छातीपर्यंत."

त्याने अत्यंत आदराने विचारलं, "सर... छातीपर्यंत? आणि मग बाहेर कसे येता?"

"मित्र दोर टाकतो."

"बाप रे! सर, हे कुठल्या डोंगरावर?"

"घाटंजी रोड."

"नवीन जागा दिसतेय," तो पुटपुटला. "सर, तुमच्यासारख्यांसाठी एकच बोर्ड आहे. खोल बर्फाचा, एकदम कडक, रुंद. सरळ जातो. नवख्याला पेलत नाही, म्हणून दोन वर्षं आमच्याकडे पडून आहे. कुणाला विकायची हिंमतच झाली नाही."

मी छाती फुगवून ऑर्डर दिली! असा बोर्ड दोन वर्षं माझीच वाट पाहत होता, हे ऐकून कुणाची छाती फुगणार नाही?

जानेवारीत आम्ही दोन्ही कुटुंबं गुलमर्गला पोचलो. उतारावर मी खोळ काढली, तसे आजूबाजूचे चार जण बाजूला सरकले. राजदीपचं भाड्याचं पिल्लू माझ्या बोर्डाशेजारी पोळपाटासारखं दिसत होतं. शिकवणारा पोरगा माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "साहब, आप मुझे सिखाओगे क्या?"

साधनाने शालीचा पदर असा काही खांद्यावर टाकला की मला तिथेच बक्षीस मिळालं. मी डावा पाय पुढे बांधला. पोरग्याने विचारलं, "रुकना आता है ना, साहब?"

आणि त्या क्षणी, मंडळी, माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. थांबायचं कसं, हे मी कधी शिकलोच नव्हतो! कापसावर थांबावं लागत नाही. कापूसच तुम्हाला थांबवतो!

पण साधना बघत होती. "आता है," मी म्हणालो.

कापसावर जो बोर्ड तीन पुरुष उंची उतरायला मिनिट घेत होता, त्याच्या भावाने बर्फावर एका श्वासात राजदीपला मागे टाकलं. "साडभाऊ, वळवा! वळवा!" वळवतो कुठला! दुकानातला मुलगा खरं बोलला होता. बोर्ड सरळ जात होता. अगदी सरळ! शिकणारी मुलं दोन्हीकडे फाकली, एका घोडेवाल्याने घोडं मागे ओढलं, उतार संपला, सपाटी लागली, तीही संपली, आणि मी उभाच! डोळ्यांतून पाणी, तोंडातून नुसतं "बाजूला व्हा जी!" पण गुडघा वाकू दिला नाही. पडायचं नाही, एवढं एकच मला माहीत होतं. शेवटी रस्त्यावरून उपसून लावलेला बर्फाचा ढीग समोर आला, आणि त्यात मी काखेपर्यंत शिरलो. उभा!

दोघांनी फावडी आणून मला खणायला घेतलं, तोवर सगळे धापा टाकत पोचले. राजदीपने हसू दाबत विचारलं, "साडभाऊ, पडले नाई हे कबूल. पण थांबता कुठी आलं तुमाले?"

मी मान खाली घातली. साधनाच पुढे झाली.

"उभे खाली येतीन, एवढंच म्हटलं होतं मी. थांबतीन असं कधी म्हटलं?"

राजदीपने एकाच्या हातातलं फावडं घेतलं आणि तोच मला खणायला लागला. मी बर्फात रुतलेलो होतो, पाय सुन्न झाले होते, पण त्या घडीला माझ्याइतका सुखी माणूस अख्ख्या काश्मिरात नव्हता.

हे सुख दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहापर्यंत टिकलं. साडेदहाला साधना कुणाला न विचारता भाड्याच्या दुकानात गेली, एक बोर्ड उचलून आणला, दोन तास त्या पोरग्याकडे शिकली, सात वेळा पडली, आणि आठव्यांदा उभी खाली आली. वळण घेत! आणि आमच्यासमोर येऊन थांबलीही!

मी धावत गेलो. ऊर भरून आला होता, पण जातिवंत खरेदीदार गप्प कसा बसेल? "साधना, माप कोणतं घेतलं होतं? लांबी? रुंदी? वजन सांगितलं होतंस का?"

तिने आधी माझ्याकडे, मग पायातल्या बोर्डाकडे पाहिलं.

"माप कायचं? लाल होता, म्हणून घेतला."