पाच नंबरच्या दगडासमोर

गेटासमोरच्या मैलाच्या दगडाच्या हिरव्या डोक्यावर एक मुंगी अडकली होती. चार पाय रंगात आणि दोन हवेत. नीलमने ती काडीने अलगद सोडवली, काडी नाकाशी धरली आणि मनात नोंद केली : ऑइल पेंट, आज पहाटेचा. दगडावरचा आकडा पलीकडे, रस्त्याच्या बाजूला होता. तोही तिने वाकून पाहिला असता, पण वरून आईचा आवाज आला.

"नीलम! पैठणी नेसून मुंग्या काय वाचवतेस? वर ये!"

नीलम पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायची. एका नमुन्यावरून अहवाल द्यायचा नाही, हे तिचं तत्त्व. ते तिने अभिनवलाही लावलं होतं. पेणचा हा सरळ मुलगा वर्षभर तिला भेटत होता. चहाच्या टपरीवर, खाडीच्या पुलावर, एकदा तर दातांच्या डॉक्टरकडेसुद्धा! प्रत्येक भेटीनंतर आईने विचारायचं, "मग?" आणि नीलमने सांगायचं, "निष्कर्ष चांगले आहेत. पण अजून नमुने हवेत."

शेवटी अभिनवच्या आईचा निरोप आला : रविवारी आम्ही स्वतः येतोय. हो किंवा नाही, तोंडावर सांगा. नाहीतर पुढचं स्थळ बघायला आम्ही मोकळे!

आज तो रविवार होता. नीलमचं उत्तर अजूनही "बघू" होतं.

तिचे बाबा, शशिकांत, मात्र निश्चिंत होते. त्यांची सगळी नोकरी रस्त्यांच्या खात्यात नकाशे काढण्यात गेली होती. मेडिकलच्या मागे, एटीएमच्या पुढे असल्या पत्त्यांचा त्यांना मनस्वी तिटकारा!

"दुकानं बदलतात, सुगंधा! त्या मोबाइलवर पिन टाकली की माणसं थेट मिठागरात जातात! मी अभिनवला शास्त्रशुद्ध पत्ता दिलाय. भाईंदर पश्चिमेचा राज्यमार्ग, दगड नंबर पाच, डाव्या हाताचं पहिलं गेट. कुणाला विचारायचं नाही, फक्त दगड वाचायचा! दगड जागचा हलतो का कधी?"

"नाही हलत," नीलमची आई सुगंधाताई म्हणाल्या. "तुमच्यासारखाच."

तेवढ्यात फोन वाजला. अभिनवच होता.

"काका, पोचलो आम्ही! छान घर आहे हो. तुम्ही कधी येताय?"

"मी? मी कुठून येऊ? मी घरीच आहे!"

"अच्छा, आत आहात का? आम्ही हॉलमध्ये बसलोय."

शशिकांतरावांनी आपल्या हॉलमधल्या सोफ्याकडे पाहिलं. सोफा रिकामा होता. तरी त्यांनी उशी उचलून बघितली!

"हॉलमध्ये कुणी नाहीये, अभिनव!"

"असं कसं? तुमच्या भावाने सरबत दिलं आम्हाला. शिवाकाकांनी."

"मला भाऊ नाही!" शशिकांतराव ओरडले. "दगडावर काय लिहिलंय?"

"पाच. उतरून वाचलं मी. नंबराच्या वर रंग ओला होता, तोही बघितला."

शशिकांतराव मोज्यांवरच जिना उतरले. नीलम पैठणी सावरत मागोमाग. रस्त्याच्या बाजूने त्यांनी आपला दगड वाचला आणि त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला.

दगडावर तीन लिहिलं होतं!

थोडं पुढे एक रंगारी डबा घेऊन पुढच्या दगडाकडे निघाला होता.

"ए भाऊ! आमचा पाच कुठे गेला?"

"पुढे राई गावाला गेला, काका. रस्त्याचा नंबर बदलला ना, तर मोजणी पण उलटी केली. आधी शून्य बंदरावर होता, आता स्टेशनच्या बाजूला आणला. वरून ऑर्डर आहे."

शशिकांतरावांनी दगडावरचा आकडा पुन्हा वाचला. मग त्यांचे डोळे भरून आले.

"नीलम... हा माझा प्रस्ताव आहे! तू शाळेत होतीस तेव्हा दिला होता मी! माल होडीने यायचा तेव्हा शून्य बंदरावर ठीक होता, पण आता सगळी माणसं स्टेशनवर उतरतात, तर रस्ता तिथून सुरू नको व्हायला? सगळे हसले होते मला! मंजूर झाला, नीलम!"

आणि त्यांनी दगडाला कडकडून मिठी मारली!

दगड सोडला तेव्हा त्यांच्या पांढऱ्या शर्टावर छातीभर उलटा तीन उमटला होता. खाली उतरलेल्या सुगंधाताईंनी तो पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"मुलीचं स्थळ राईला जाऊन बसलंय आणि तुम्ही दगडाला कवटाळताय? फोन लावा आधी!"

नीलमने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडून अभिनव कुजबुजला.

"घोळ झालाय. या लोकांकडेही आज मुलगी बघायला माणसं यायची होती. त्यांना वाटलं, ती आम्हीच!"

"मग उठा ना तिथून!"

"मी उठलो. आई उठत नाहीये. इथे जेवायला चिंबोऱ्या आहेत."

मागून त्याच्या आईचा आवाज खणखणीत आला. "का उठू? माणसं मनमोकळी आहेत! वर्षभर बघू-बघू नाही करत! विचारलं की लगेच सांगतात!"

"बसा ना काकी, घाई न्हाय," हे शिवाकाका. "आमचे पाव्हणे वरसाव्याला ट्रॅफिकमंदी अडकलेत. ते पोचंस्तवर पोरगी म्हातारी व्हईल! तुमचा पोरगा पण बरा हाय. दिव्या, पोहे आण गो!"

फोनमधून बांगड्यांचा आवाज आला. मग पैंजणांचा. तो जवळ येत होता.

नीलमच्या डोळ्यांसमोरून सगळे नमुने सरकले. टपरीवर आधी तिच्या कपातली साय काढणारा अभिनव. दातांच्या डॉक्टरकडे, दाढ हिची असताना, स्वतः घामाघूम झालेला अभिनव. एकही नमुना दूषित नव्हता.

"अगं बोल काहीतरी!" छातीवरच्या उलट्या तिनासकट शशिकांतराव कळवळले. "आमच्या खात्यानेसुद्धा शेवटी निर्णय घेतला!"

"नीलम," अभिनव घाबऱ्या आवाजात म्हणाला, "बशी माझ्यासमोर आलीये. काय करू?"

नीलमने फोन तोंडाशी नेला आणि भर राज्यमार्गावर, रिक्षावाल्यांनी वळून बघावं अशा आवाजात ती ओरडली,

"त्या पोह्यांना हात लावायचा नाही, अभिनव! माझा होकार आहे!"