छपरावरची टाकी आणि थोरल्या महाराजांची आठ स्नाने

श्री सूर्यनारायण समर्थ. श्री जलदेवता प्रसन्न, वरच्या टाकीत पाणी चढले असेल तर. प्रथम नमन विघ्नहर्त्यास, दुसरे नमन नळास, आणि तिसरे नमन राणीसाहेबांस, ज्यांच्या हुकुमावरून हा कागद लिहिण्यात येत आहे. हुकूम ऐसा की, "जे घडलं ते सगळं लिहून काढा, आणि राजांना वाचवायला जाऊ नका." त्यावरून लिहिणाराने लेखणी धरिली. लिहिणार कोण हे पुसू नये. राजांचे इतका जवळचा मनुष्य आहे की राजांचे जोडे त्यास बरोबर बसतात, इतके सांगून पुरे.

शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, भृगुवासर. ते समयी एके राज्यी श्रीमंत दिगंबरराव राजे राज्य करीत होते. राज्याचा विस्तार पूर्वेस पाण्याची मोटर, पश्चिमेस तुळशीची कुंडी, उत्तरेस शेजाऱ्यांची भिंत, दक्षिणेस स्कूटर लावावयाची जागा, आणि वर गच्ची, ऐसा होता. प्रजा एकंदर दोन. एक राणीसाहेब हेमलताबाई, कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका. दुसरे थोरले महाराज, म्हणजे राजांचे तीर्थरूप नाना, वय वर्षे चौऱ्याऐंशी, गुडघे दोन्ही धरलेले, जीभ मात्र मोकळी. राजे स्वतः सरकारी कचेरीतून नुकतेच सेवानिवृत्त होऊन घरी बसले होते, आणि काही तरी पराक्रम करून दाखवावा ऐसी खुमखुमी त्यांस सकाळच्या चहापासून लागत असे.

या थोरल्या महाराजांचा स्वभाव सांगणे जरूर आहे. त्यांनी साठ वर्षांत पुत्राची तारीफ म्हणून केली नव्हती. राजे मॅट्रिकला पहिल्या वर्गात आले तेव्हा महाराज बोलिले, "शेजारच्या कुलकर्ण्याच्या पोराला किती?" आणि राजांचे लग्न ठरले तेव्हा बोलिले, "मुलगी तर हुशार दिसते. हो कशी म्हणाली?" आणि राजांनी हे घर बांधिले तेव्हा महाराज सर्व खोल्या फिरले, मग म्हणाले, "संडासाचं दार उलटीकडे उघडतं." राजे वरून हसत आणि आतून खचत. साठी उलटली तरी बापाच्या तोंडून एक 'बरं केलंस' ऐकावे, ही एकच मोहीम राजांची फत्ते व्हावयाची राहिली होती.

तो त्या साली राजांनी मनसुबा केला की स्नानगृहातील गिझर काढावा आणि छपरावर सोलर बसवावा. गिझर नामे जुना चाकर सोळा वर्षे भिंतीस टांगून घेऊन सेवा करीत होता, परंतु वीज फार पीत असे, आणि तो लाल दिवा लावून बसला की राजे मीटरजवळ जाऊन त्याची चकती कैसी गरगर फिरते ते पाहात आणि उसासे टाकीत. मग राजांनी एक महिना कागदपत्रे वाचिली आणि काचेच्या नळ्या, शंभर लिटरची टाकी, उष्णता धरून ठेवणारे अस्तर, यांवर राणीसाहेबांस जेवताना व्याख्याने दिली. राणीसाहेबांनी एकच विचारिले, "ढग आले तर?" तेव्हा रफिक शिकलगार म्हणून जो प्लंबर कामास आणिला होता, तोही म्हणाला, "साहेब, टाकीत येक इजेची कॉइल टाकून ठेवू या. अडीनडीला उपेगी पडंल." तेव्हा राजे छाती काढून बोलिले, "प्रत्यक्ष सूर्य चाकरीस असताना कॉइल कशाला?" आणि तेवढ्यावर न थांबता, परतीचा मार्गच नको म्हणून, तो जुना गिझर हार घालून मेव्हण्याचे घरी रवाना केला. मेव्हणा हा राजांचा जुना हितशत्रू. त्याने गिझर ठेवून घेतला आणि निरोप पाठविला की, "परत लागला तर सांगा, लाजू नका." हा निरोप राजांचे जिव्हारी लागला.

पंचमीस दोन प्रहरापर्यंत सोलर छपरावर चढला. दुसरे दिवशी मंदवारी पहाटे साडेपाचास थोरले महाराज प्रथम स्नानास गेले, आणि वीस मिनिटांनी बाहेर आले तो अंगातून वाफा निघत होत्या, आणि गुडघा चोळीत खुर्चीवर बसले, आणि चहाचा घोट घेऊन, पुत्राकडे न पाहता, खिडकीकडे पाहून बोलिले, "बरं केलंस. पाणी छान आहे." राजे कप तैसाच ठेवून उठले. त्यांनी राणीसाहेबांस स्वयंपाकघरात जाऊन विचारिले, "ऐकलंस का? काय म्हणाले ऐकलंस?" राणीसाहेब म्हणाल्या, "ऐकलं. आता पोहे हलवू द्या."

त्या दिवसापासून राजांस आनंदाची बाधा जाहली. जो मनुष्य दाराशी येईल त्यास हाताला धरून न्हाणीघरात नेत आणि गरम पाण्याचा नळ सोडीत. छपरावरून खाली येणारा पाइप लांब, म्हणून प्रथम अर्धी बादली गार येई, तेव्हा राजे "धीर धरा, येतंय" ऐसे म्हणत, आणि मग गरम आले की "घाला हात, घाला!" ऐसे म्हणत, आणि पाहुण्याने "आईगं" म्हणेपर्यंत नळ बंद करीत नसत. प्रथम शेजारचे कुलकर्णी आले. मग गॅसचा सिलिंडर आणणारा आला, त्यास खांद्यावरील सिलिंडर उतरवावयासही दिला नाही. मग कुरिअरवाला, मग इस्त्रीवाला, मग मतदार यादी तपासावयास आलेल्या बाई, ज्यांनी घाबरून चपलाही काढिल्या नाहीत. एके संध्याकाळी मेव्हण्यास मुद्दाम व्हिडिओ कॉल लावून नळ सोडिला आणि फोन वाफेपाशी धरिला, तो पडदा धुरकटला, मेव्हण्यास काही दिसले नाही, म्हणून पुसून पुन्हा धरिला. ऐसे रोज दहा-बारा दरबार भरू लागले, आणि सर्व दरबार दुपारी चार ते सात, म्हणजे सूर्य मावळतीस लागल्यावर.

प्रथम स्नानाचे दुसरेच दिवशी, आदित्यवारी पहाटे, थोरले महाराज स्नानास गेले तो आतून मोठी गर्जना उठली, "हर हर गंगे! हर हर गंगे!" राजे अंथरुणात उठून बसले आणि डोळ्यांत पाणी आणून राणीसाहेबांस म्हणाले, "ऐक. नाना कधी असं म्हणायचे का? किती आनंदलेत बघ." सोमवारी गर्जना अधिक मोठी जाहली. मंगळवारी शेजारच्या कुलकर्ण्यांचे कुत्रे भुंकू लागले. राजांनी मनी नोंद केली की सोलरमुळे वडिलांची भक्तीही वाढली.

इकडे राणीसाहेब सात वाजता स्नानास जात, त्यांस पाणी थंडगार लागे. त्यांनी दुसरे दिवशीच सांगितले, "अहो, पाणी गार आहे." राजे बोलिले, "पाइपातलं असेल. धीर धरायला हवा." तिसरे दिवशी त्या म्हणाल्या, "दोन बादल्या धीर धरला." तेव्हा राजांनी आपला हुकमी पुरावा पुढे केला की, नाना तुझ्या दीड तास आधी स्नान करितात, त्यांस रोज विचारितो, ते रोज 'छान आहे' म्हणतात, मग तुलाच गार कैसे लागते? आणि शेवटी, हे लिहिताना लिहिणाराचे कान गरम होत आहेत, राजे असेही बोलिले की, "तुला सवय नाही चांगल्याची." राजे स्वतः साडेअकरास, ऊन चांगले चढल्यावर, स्नान करीत आणि ऊन ऊन पाण्यात गाणी म्हणत, त्यामुळे त्यांचे मत काही बदलेना.  राणीसाहेबांनी गॅसवर पातेले चढविले.

परंतु त्या पडल्या मुख्याध्यापिका. तीस वर्षे मुलींच्या खोट्या सह्या ओळखण्यात गेलेली. दुसऱ्या आदित्यवारी सकाळी त्यांनी राजांस झोपेतून उठवून न्हाणीघराच्या दाराशी उभे केले. थोरले महाराज नुकतेच बाहेर पडले होते. राणीसाहेबांनी आरशाकडे बोट दाखविले आणि म्हणाल्या, "गिझर होता तेव्हा नानांनंतर या आरशात तोंड दिसायचं नाही. आता बघा." राजांनी पाहिले तो आरसा कोरडा स्वच्छ, आणि त्यात राजांचे मुख पूर्ण दिसत होते. मग पुढे होऊन महाराजांकडे पाहिले तो ते शाल दोनदा लपेटून बसले होते, आणि गुडघ्यास लोकरी पट्टा बांधिला होता. राजांनी विचारिले, "नाना, पाणी?" महाराज दात आवळून म्हणाले, "छान."

तेव्हा राजांनी हिशेब मांडिला. सोलर फसला, बापाचे गुडघे गारठले, आणि आता मेव्हण्याकडे गिझर मागावयास जावे लागणार, ऐसी तिन्ही अरिष्टे एकदम समोर उभी राहिली. तात्काळ शिकलगारास बोलाविले आणि फोनवरच त्यावर तोफ डागिली की, टाकी गळकी आहे, अथवा शेजाऱ्याने आमच्या पाइपास जोड मारून गरम पाणी पळविले आहे. शिकलगार दुपारी चारास आला, गच्चीवर चढला, पाइपास हात लावून लगेच काढिला आणि खाली येऊन म्हणाला, "साहेब, टाकी येकदम चोख हाय. पानी चटका द्यायलंय." राणीसाहेबांनी त्यास चहा दिला. तो चहा पीत बसला असता इस्त्रीवाला आपल्या भावास घेऊन आला, कारण राजांनीच त्यास तैसे सांगून ठेविले होते. राजे सवयीने उठले, दोघांस आत नेले, "धीर धरा, येतंय" म्हणाले, नळ सोडिला. ते गेले, तो कुलकर्णी आपल्या जावयास घेऊन आले. पुन्हा नळ सुटला. जावई हुशार, त्याने दोनदा हात घातला. शिकलगार कपाआडून पाहात होता. मग कप ठेवून म्हणाला, "साहेब, चोर घावला."

राजे म्हणाले, "कोण? कुलकर्णी?"

"आता तोंडावर कसं सांगू? नळ धरून हुबा हाय." आणि मग त्याने सावकाश समजाविले की, "टाकीत शंभर लिटर. वरनं जेवढं गरम काढाल, तेवढं गार खालनं आत शिरतंय. उनाच्या वक्ताला काढलं तर पुन्ना तापंल. सांजच्याला काढून मानसांस्नी दाखवलं, तर रातच्याला काय सूर्य येतोय व्हय?" राणीसाहेब या वेळी हसल्या असत्या तर राजांस बरे वाटले असते. त्या हसल्या नाहीत. त्या फक्त म्हणाल्या, "मला सवय नाही ना चांगल्याची." राजांनी मान खाली घालून "चुकलो" म्हणून म्हटले, आणि प्लंबरादेखत म्हटले, हे येथे मुद्दाम नमूद करितो.

मग राजे थोरल्या महाराजांपाशी जाऊन जमिनीवर बसले आणि बोलिले, "नाना, आठ दिवस गार पाण्यानं आंघोळ केलीत?"

"केली."

"मग सांगितलं का नाही?"

महाराजांनी पट्टा सोडून पुन्हा बांधिला. मग म्हणाले, "पहिल्या दिवशी खरंच गरम होतं. साठ वर्षांत एकदा तुला बरं म्हणालो. तू त्या दिवशी घरभर नुसता नाचत होतास. लगेच दुसऱ्या दिवशी परत कसं घेऊ?" हे ऐकून राजांस रडू आले, आणि ते लपविण्यासारखी जागा त्या राज्यात न्हाणीघरच होती, तेथे गेले, आणि नळास मात्र हात लाविला नाही.

त्याच संध्याकाळी राणीसाहेबांचा हुकूम सुटला. शिकलगाराने गरम नळाची मूठ काढून त्यांचे स्वाधीन केली, ती त्यांनी शाळेच्या पिशवीत टाकिली, आणि पहाटेस बाहेर काढून बसविली. सोमवारी साडेपाचास महाराज आत गेले. राजे दाराबाहेर कान देऊन उभे. गर्जना नाही. कुत्रे भुंकले नाही. आतून संथ गुणगुणणे ऐकू येऊ लागले, आणि दाराखालून वाफेची रेघ बाहेर आली, आणि राजांनी ती पायावर घेतली. वीस मिनिटांनी महाराज लालबुंद होऊन बाहेर आले आणि पुत्रास पाहून कडाडले, "दिग्या, अंग भाजलं माझं! एवढं कडकडीत असतं का कुठं? एक काम धड येत नाही तुला!" ते ऐकून राजांस जो आनंद जाहला तो पहिल्या दिवशीच्या आनंदाहून दुप्पट होता, आणि तो कोणास तरी दाखवावा म्हणून हात आपोआप नळाकडे गेला, तो हातावर राणीसाहेबांची चापट बसली.

तात्पर्य मजकूर थोडका. सोलर उत्तम चालतो, मीटरची चकती संथ फिरते, गिझर मेव्हण्याकडेच आहे, आणि थोरले महाराज रोज सकाळी पाण्यास नावे ठेवितात. ही बखर जो वाचील त्याने पाणी पाहावयास येऊ नये. आलाच तर चहा मिळेल. कान देऊन बसल्यास शिव्याही ऐकावयास मिळतील, त्या राजे आता सर्वांस ऐकवितात.