बूच आधी की नळ आधी

त्या दिवशी बोचरं वारं सुटलं होतं. ऊन होतं, पण नुसतं बघायला. अंगाला लागत नव्हतं. माझी पावलं गारठून लाकूड झाली होती. म्हणून मी ठरवलं, लेकीच्या टबात जरा पाय शेकावेत. (एवढंच ठरवलं हो! दरोडा घालायचं नव्हतं ठरवलं.)

मी शाळेची पायरी चढलो नाही. जन्मभर सुतारकाम केलं. लेक मात्र कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहिते. गुडघ्याच्या पेशंटांसाठी तिने हा टब बनवला होता. बटण दाबलं की आपोआप बूच बसतं, पाणी भरतं, गरम होतं. बारा वाजता हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाई तो बघायला येणार होत्या. पसंत पडला तर वीस टबांचं काम, नाहीतर दोन वर्षांची मेहनत वाया.

लेक सामान आणायला गेली होती. तिने पूर्वीच बजावलं होतं, "बाबा, एकदा बटण दाबलं की मध्ये हात घालायचा नाही." मी बटण दाबलं आणि स्टूल ओढून बसलो. तेव्हा साडेनऊ वाजले होते.

पाणी धो धो पडायला लागलं.

"अहो, भरला का टब?" हिने स्वयंपाकघरातून विचारलं.

"भरतोय."

अर्ध्या तासाने पुन्हा, "भरला का?"

"भरतोय. घाई कशाला?"

"तळ दिसतोय?"

"दिसतोय."

"मग भरतोय कसला, कपाळ?"

"अगं, मशीन आहे. तिला कळतं."

(बूच बाजूला लोंबकळतंय, हे मला दिसत होतं. पण हात घालायचा नाही म्हणजे नाही. धीर धरण्यात माझा हात धरणारा अजून जन्मायचाय.)

अकरा वाजता नळ खोकला, गुरगुरला आणि गप्प झाला. तेवढ्यात लेक दारात.

"बाबा! किती वेळ चालू होतं हे?"

"दीड तास."

"म्हणजे गच्चीवरची टाकी..."

टाकी रिकामी झाली होती. अख्ख्या बिल्डिंगचं पाणी मी घालवलं होतं, आणि तेही पाय कोरडे ठेवून!

लेकीने धावत जाऊन टाकीचा पंप लावला. मग ती कॉम्प्युटरसमोर बसली आणि एकदम ओरडली, "अरे देवा! बाबा, मी एकाच कंसात दोन कामं दिलीत. बूच लावून ये, टब भरून ये. दोन्ही झाली की पाणी गरम कर."

"मग? बरोबर तर आहे."

"माझं लिहिलेलं मशीनच्या बोलीत उतरवतो तो कंपायलर. जुना डावीकडचं काम आधी करायचा. काल नवा घातला, तो उजवीकडून सुरू करतो. आधी टब भरायला गेला. आता टब भरल्याशिवाय तो बुचाकडे वळणार नाही, आणि बुचाशिवाय टब भरणार नाही!"

"मग त्याला दम दे की!"

"त्याचा काय दोष? कंसातलं कुठलं आधी, हे या भाषेत त्याच्या मर्जीवरच सोडलंय."

मी गारच पडलो. इतकी शिकलेली माणसं, आणि कुठलं आधी ते मर्जीवर? आम्ही आधी कापून मग मोजलं असतं, तर गिऱ्हाइकाने आमच्याच करवतीने आम्हाला कापलं असतं.

लेकीने एका ओळीच्या दोन केल्या. पहिलीत बूच, दुसरीत पाणी. बारा वाजता डॉक्टरीणबाईंसमोर टब गुमान भरला आणि त्यांना पसंतही पडला.

"बरं झालं बाबा, तुम्ही बसून राहिलात," लेक म्हणाली. "नाहीतर ही चूक यांच्यासमोरच निघाली असती." माझी छाती फुगली. मी डॉक्टरीणबाईंना म्हणालो, "दीड तास तपासलाय मी, जागचा हललो नाही!"

त्याच क्षणी दारात खालच्या मजल्यावरचे शेजारी, घड्याळवाले, उभे राहिले. कमरेला टॉवेल, आणि डोक्यापासून पोटापर्यंत वाळून कडकडीत झालेला साबण. पंपाने टाकीत चढलेलं थोडंसं पाणीही पुन्हा टबातच गेलं होतं. एक डोळा कसाबसा उघडून ते म्हणाले, "बाई, टब खुशाल न्या. फक्त तो तपासायला या मिस्त्रींना नेऊ नका, तुमच्याकडे ऑपरेशनं असतात!"