बारा वाजून वीस मिनिटांची अडचण

समारंभाचं मोठेपण तो किती वेळ चालतो यावरून ठरत नाही. तो सुरू होण्याआधी पाहुण्यांना किती वेळ बसवून ठेवलं यावरून ठरतं. तोक्योत मुलांच्या शाळाप्रवेशाच्या समारंभाआधी वीस मिनिटं बसवतात, कंपनीच्या पन्नासाव्या वर्धापनदिनाला पाऊण तास. सम्राटांच्या राज्यारोहणाला परदेशी राजेराण्यांनी एक तास चाळीस मिनिटं आधी खुर्चीत बसलेलं असावं असं ठरलं, तेव्हाच जाणकारांनी ओळखलं की या खेपेला काम पहिल्या प्रतीचं होणार. (मूळ समारंभ अर्ध्या तासाचा होता. पण त्याचं एवढं काही नाही.)

समारंभ समितीच्या आसन विभागात शिगेनोरी कुवाबारा हा उपप्रमुख होता. वय एकोणसाठ, मार्चअखेर निवृत्ती, आणि निवृत्तीनंतर घडीच्या पंख्यांच्या संग्रहालयात मानद संचालकाची जागा ठरल्यात जमा. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या नावावर एकही चूक नव्हती. एकही नवी कल्पनाही नव्हती. आमच्याकडे या दोन्ही गोष्टी एकाच रकान्यात मोजतात.

खुर्च्या मांडायच्या म्हणजे काय, असं बाहेरच्याला वाटेल. बाहेरच्याला वाटायला काय जातंय! एकोणीस मुकुटधारी येणार होते आणि त्यांना बसवायचे नियम पक्के होते. पहिला नियम: जो राजा गादीवर सर्वांत जास्त वर्षं, त्याची खुर्ची सर्वांत मानाची. दुसरा नियम: सर्वांत मानाची जागा दारापासून सर्वांत लांब. (हा नियम जुन्या लढायांच्या काळातला. शत्रू दारातून येतो, तेव्हा त्याला आधी कमी पगाराची माणसं भेटावीत.) तिसरा नियम: वरच्या क्रमांकाचा पाहुणा उठल्याशिवाय खालच्याने उठायचं नाही. चौथा नियम कुठे लिहिलेला नाही, पण तोच सर्वांत कडक: पहिल्या क्रमांकाचा पाहुणा यजमानाने उठवल्याशिवाय उठत नसतो.

चारही नियम एकाला एक जोडले की निष्कर्ष सरळ निघतो. जो राजा गादीवर सर्वांत जुना, म्हणून बहुधा सर्वांत म्हातारा, तो दारापासून सर्वांत लांब, आणि त्याला उठता येत नाही. एकोणिसाव्या खुर्चीवर दोन महिन्यांपूर्वी गादीवर आलेला सव्वीस वर्षांचा राजा होता. तो रोज सकाळी बारा किलोमीटर पळायचा. त्याची खुर्ची दाराला लागून होती.

शिवाय चहा होता. चहा विभाग स्वतंत्र, त्यांची पुस्तिकाही स्वतंत्र. पाहुण्याचा पेला रिकामा दिसणं हा यजमानाचा अपमान आणि पाहुण्याने पेला भरलेला ठेवणं हा चहाचा अपमान, या दोन कलमांमुळे दर माणशी साडेतीन पेले असा हिशेब निघाला होता. आसन विभागाने चहा विभागाला काही विचारलं नाही, चहा विभागाने आसन विभागाला काही सांगितलं नाही. दोघांचे संबंध उत्तम होते.

समारंभाच्या तीन दिवस आधी कुवाबारा हॉटेलात जाऊन पहिल्या क्रमांकाच्या पाहुण्यांना भेटला. वाइमारो बेटांचे राजे तुइलोमा. वय चौऱ्याऐंशी, गादीवर बावन्न वर्षं, देह दोन माणसांचा आणि आवाज लहान मुलासारखा बारीक. कुवाबाराने आसनांचा नकाशा उलगडून समोर धरला.

"झकास आहे की खुर्ची," राजे म्हणाले. "आणि दार कुठंय?"

"हे इकडे, महाराज."

"अबब! किती पावलं रे?"

"सेहेचाळीस, महाराज."

"तुझी की माझी?"

कुवाबाराने हे मोजलं नव्हतं. चौतीस वर्षांत प्रथमच त्याला एखादी गोष्ट मोजायची राहिली होती. त्याचे कान लाल झाले.

राजांनी खिशातून एक डबी काढली. "ही रक्तदाबाची गोळी. सकाळी घ्यायची. घेतली की दर तासाला उठावं लागतं. डॉक्टर म्हणतो, अंगातलं पाणी उतरतंय. मी म्हणतो, बाबा रे, उतरतंय ते मलाच कळतंय ना!"

"त्या दिवसापुरती नाही घेतली तर?"

"तर तुम्हाला दोन समारंभ करावे लागतील. दुसऱ्यात मी आडवा."

कुवाबाराला हसावं की वाकावं कळेना. तो वाकला. तेवढ्यात राजांनी त्याचा हात धरला आणि आवाज आणखी खाली आणला.

"हे बघ, गेल्या वर्षी घरीच, ध्वजवंदनाला, एकदा झालं तसं. उभ्या सैन्यासमोर. सैन्य माझं एकशेदहा माणसांचं, पण डोळे दोनशेवीस. सगळे चटकन आभाळाकडे बघायला लागले. गुणी पोरं. मी घरी येऊन रडलो रे कुवाबारा, या वयात. इथे तर जगभरचे कॅमेरे. तसं पुन्हा नको व्हायला, एवढं बघ."

"काळजी नसावी, महाराज," कुवाबारा म्हणाला, आणि त्या क्षणापासून त्याला काळजी लागली. गाडीत बसल्यावर त्याला स्वतःचे वडील आठवले, त्यांचं शेवटचं वर्ष आठवलं, ओली चादर लपवायची त्यांची धडपड आठवली.

कचेरीत येऊन त्याने टिपण लिहिलं: "पहिल्या क्रमांकाच्या पाहुण्यांना मध्ये एकदा उठावं लागेल. कसं?" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. टिपण एकतीस टेबलांवरून फिरलं. आमच्याकडे टिपणावर शिक्का मारताना तो साहेबाच्या शिक्क्याकडे किंचित झुकता मारतात, म्हणजे कागदावरही नमस्कार पोचतो. साहेबाचा शिक्का ताठ, त्याखालचा जरा कललेला, त्याखालचा आणखी. एकतिसावा जवळजवळ झोपलेला होता. सगळे शिक्के आले, कागद लालेलाल झाला. उत्तराला जागाच उरली नव्हती.

विभागप्रमुख साकाकिबारांनी त्याला बोलावून घेतलं. "कुवाबारा-सान, तुमचं टिपण सगळ्यांना फार आवडलं हं."

"मग साहेब, उठायचं कसं?"

साकाकिबारांनी दातांतून लांबलचक श्वास आत ओढला. (नकार देण्याची ही आमच्याकडची सर्वांत सविस्तर पद्धत.) "असं बघा, राजे उठतात असं लिहिलं की का उठतात तेही लिहावं लागणार. ते लिहिलं की सम्राटांच्या समारंभाच्या कागदावर तो शब्द येणार. नको ना! मागच्या राज्यारोहणाच्या नोंदी मी स्वतः पाहिल्या. कोणी उठल्याची नोंद नाही. म्हणजे कोणाला लागलीच नव्हती. तेव्हा कोणी बोललं नाही तरी जरा हवेतलं ओळखावं माणसाने."

हवेतलं सगळ्यांनीच ओळखलं होतं, साहेब, म्हणूनच कोणी काही करत नव्हतं, हे कुवाबाराच्या अगदी जिभेवर आलं. "समजलं," तो म्हणाला. अळीमिळी गुपचिळी. वैद्यकीय विभागाला वाटलं, आसन विभाग बघतोय. आसन विभागाला वाटलं, सुरक्षा बघतेय. सुरक्षेने तर बघितलंच होतं: दालनाजवळची चारही प्रसाधनगृहं समारंभाच्या सकाळी सहा वाजता तपासून, कुलूप लावून, मोहरबंद केली. आता तिथे काही म्हणजे काहीच घडू शकणार नव्हतं.

समारंभाच्या दिवशी अकरा वीसला एकोणीस मुकुटधारी, त्यांच्यामागे चारशे मंत्री, राजदूत आणि त्यांच्या बायका, सगळे स्थानापन्न झाले. शांतता इतकी की रेशमाचा आवाज यावा. चहाचा पहिला पेला, दुसरा पेला. कुवाबारा खांबाला लागून उभा होता आणि त्याची नजर पहिल्या खुर्चीवर होती. बाराला पाच कमी असताना राजे तुइलोमांनी एक पाय दुसऱ्यावर टाकला. बाराला पाय बदलला. बारा दहाला त्यांनी तिसरा पेला पूर्ण प्यायला, कारण सभ्य माणूस. बारा पंधराला त्यांच्या कपाळावर घाम आला आणि त्यांनी कुवाबाराकडे बघितलं. ते बघणं राजाचं नव्हतं. शाळेत बाकावर बसलेलं पोर मास्तरांकडे बघतं, तसं ते बघत होते.

मग कुवाबाराला आणखी एक गोष्ट दिसली. दुसऱ्या खुर्चीवरची राणी डोळे मिटून ओठ हलवत होती. पाचव्या खुर्चीवरच्या राजांनी तलवारीची मूठ घट्ट धरली होती. नवव्या खुर्चीचे पाय थरथरत होते, म्हणजे खुर्चीवरच्याचे. एकोणिसांपैकी कोणीही उठू शकत नव्हतं, कारण पहिला उठत नव्हता. आणि पहिला उठू शकत नव्हता, कारण त्याला उठवायचं कलम नव्हतं. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे ती जगातल्या एकोणीस राजघराण्यांची पाहुणी होऊन आली होती.

पंख्यांच्या संग्रहालयाचं जे व्हायचं ते होवो, असं कुवाबाराने ठरवलं की नाही ते सांगता येत नाही. त्याचे पाय चालायला लागले एवढं खरं. बारा वाजून वीस मिनिटांनी तो गालिच्यावर आला (कर्मचाऱ्याने गालिच्यावर येण्याची ही पहिलीच नोंद), पहिल्या खुर्चीसमोर पंचेचाळीस अंशात वाकला आणि अख्ख्या दालनाला ऐकू जाईल असं म्हणाला:

"क्षमा असावी महाराज. मी म्हातारा झालोय. मला लघवीला लागलीय आणि आता धरवत नाही. पण पाहुण्यांच्या आधी नोकराने जायचं नाही, हा आमच्याकडे नियम आहे. तेव्हा माझ्यावर उपकार म्हणून महाराजांनी आधी जाऊन यावं."

दालनात कोणीतरी श्वास आत ओढला. मग चारशे जणांनी ओढला. साकाकिबारांचा चेहरा तांदळाच्या पिठासारखा झाला.

राजे तुइलोमांनी पायावरचा पाय खाली घेतला. मग दोन्ही हात खुर्चीवर टेकून ते उठले आणि प्रजेवर मेहेरबानी करणाऱ्या आवाजात म्हणाले, "अरे अरे, गरिबाला इतका त्रास नको व्हायला. चल बाबा, तुझ्यासाठी येतो." डोळ्यांत मात्र पाणी होतं.

पहिला उठला म्हटल्यावर दुसऱ्या खुर्चीवरच्या राणीही त्या गरीब माणसाच्या दयेने उठल्या. तिसरा राजा उठला. गादीवरच्या वर्षांच्या उतरत्या क्रमाने एकोणीस मुकुट रांगेत निघाले, आणि इतकी करुणा एका वेळी, एका दालनात, यापूर्वी कोणी पाहिली नव्हती. मोहरबंद दारं उघडायला सात सह्या लागल्या असत्या, म्हणून कुवाबाराने त्यांना मागच्या बोळातल्या कर्मचाऱ्यांच्या प्रसाधनगृहात नेलं. तिथे जागा एकच. कुवाबारा दार धरून उभा राहिला. प्रत्येकजण आत जाताना तो तीस अंशात वाकला आणि बाहेर येताना पंचेचाळीस. नववे राजे बाहेर आले ते थेट त्याच्या गळ्यातच पडले. एकोणिसाव्याला मुळात गरज नव्हती. पण आपण गेलो नाही तर आपण राजा नाही असा अर्थ निघेल, म्हणून तोही गेला आणि रीतसर वेळ लावून आला.

मग कुवाबाराने सगळ्यांना रांगेने परत आणून बसवलं. समारंभ सात मिनिटं उशिरा सुरू झाला. पडदा उघडला, घोषणा झाली, तोफा झाल्या, तीनदा जयघोष झाला. खांबाजवळून आलेला जयघोष इतका कळवळून होता की दोन राजदूतांनी मागे वळून पाहिलं. सात मिनिटांच्या उशिराचं कारण पत्रकात "पाऊस" असं दिलं. पाऊस खरोखरच होता, त्यामुळे कोणी खोटं बोललं नाही.

चौकशी समिती दुसऱ्याच दिवशी बसली आणि जानेवारीत उठली. तिच्यापुढे पेच होता. झालं ते लाजिरवाणं होतं हे खरं. पण ते राज्यारोहणात झालं होतं, आणि राज्यारोहणात जे एकदा होतं ती परंपरा असते. तेव्हा पुढच्या वेळेसाठी नियमावलीत दोनशे बारावं कलम घातलं गेलं. त्यानुसार बारा वाजून वीस मिनिटांनी उपप्रमुख दर्जाच्या, साधारण साठीच्या, विश्वासार्ह चेहऱ्याच्या कर्मचाऱ्याला अडचण भासेल. तो गालिच्यावर येईल, पंचेचाळीस अंशात वाकेल आणि ठरलेलं वाक्य ठरलेल्या लाजेने म्हणेल. लाजेच्या तीन पातळ्या ठरल्या. राज्यारोहणाला मधली पुरे, असं मत पडलं. त्यानंतर तो पाहुण्यांना नेईल, दार धरील, परत आणून बसवील. यासाठी सत्तेचाळीस मिनिटं. मूळ वाक्यातला तो शब्द काढून "ऋतुमानानुसार" हा शब्द घातला. एकतीस शिक्के पडले, सगळे झुकून.

खुद्द कुवाबाराला पंख्यांचं संग्रहालय मिळालं नाही. इतकं मोठ्याने बोलणाऱ्या माणसाच्या हाती नाजूक वस्तू देणं बरं नव्हे, असं साकाकिबारांनी फार हळहळून कळवलं. वाइमारोहून मात्र एक विणलेली चटई आली; सोबत राजांच्या हातची एक ओळ होती: "या वर्षीच्या ध्वजवंदनाला आमच्या सेनापतीला लागली. फार गुणी माणूस."

निवृत्तीच्या दिवशी दुपारी कुवाबारा घरी आला तो नियमावलीची नवी प्रत घेऊन. बायको फुमिएच्या पुढ्यात त्याने दोनशे बारावं कलम उघडून ठेवलं. चौतीस वर्षांत त्याच्यामुळे झालेलं ते एकमेव कलम. छाती जरा फुगलेली होती, नाही म्हणायला नको. फुमिएने चष्मा लावला, ओळीवर बोट ठेवून सगळं वाचलं, पान उलटलं, पुन्हा मागे आली.

"अहो," ती म्हणाली, "याने दार धरायचं, त्यांना परत आणायचं, मग तसंच खांबाशी उभं राहायचं. मग हा स्वतः कधी जातो?"

कुवाबाराने प्रत आपल्याकडे वळवून कलम पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"तुम्ही गेला होतात का त्या दिवशी?"

"सव्वादोनला," तो म्हणाला. "सगळे गेल्यावर."

"अगं बाई! खरंच लागली होती?"

"सकाळी नऊपासून."

एकोणीस राजे, चारशे पाहुणे, एकतीस शिक्के आणि तीन महिने बसलेली चौकशी समिती, इतक्या जणांत हे विचारणारी ती पहिली. वाचकहो, त्या यादीत तुम्हीही आहात. राजांचं होईल ना वेळेवर, या घोरात तुम्ही बोळापर्यंत आलात, एकोणिसावा सुखरूप बाहेर आला तसा सुटकेचा श्वास सोडलात आणि दार धरून उभा असलेल्या माणसाच्या शेजारून पुढच्या परिच्छेदात गेलात.