तोंडाला लसूण लागला तेव्हा

फ्रिजच्या वरच्या फळीवरून बाटली घसरली आणि नेव्हिल ट्रेंबथने ती वरच्यावर झेलली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने काही झेललं असेल. दुर्दैवाने झाकण सैल होतं. आतला गार द्राव त्याच्या हातमोज्यात शिरला आणि वर धरलेल्या हातावरून पार कोपरापर्यंत ओघळला.

टाउन्सव्हिलजवळच्या त्या सागरी प्रयोगशाळेत नेव्हिल सहायक होता. जेलीफिशच्या टाक्यांजवळून जातानासुद्धा तो पोट आत ओढून जायचा. त्याने धावत जाऊन नळाखाली हात धुतला, पुन्हा धुतला, आणि हात पुसता पुसता थबकला. तोंडाला लसूण लागत होता.

"डॉक्टर," तो शेजारच्या खोलीत जाऊन म्हणाला, "मला लसणाची चव येतेय."

"जेवलास काय?" डॉ. कॉर्मॅक डूलीने मान वर न करता विचारलं.

"चीज सँडविच. हातावर काहीतरी सांडलं हो!"

डूली ताडकन उठला. त्याचा चेहरा उजळला होता, आणि नेव्हिलला तेच जास्त भयंकर वाटलं. "हातावर सांडलं आणि चव तोंडात? अरे वा! मग ते डीएमएसओ. द्रावक. पेशीपटल म्हणजे काय, चरबीचा दुहेरी पडदा. मीठ, साखर, सगळ्यांना तिथे ठरलेल्या दारातूनच आत यावं लागतं. हा पठ्ठ्या मात्र सरळ पडद्यातून आरपार! आणि कधी कधी एकटा जात नाही, सोबत्यांनाही आत नेतो."

"सोबती कोण होता?" नेव्हिलने विचारलं.

दोघांनी बाटलीकडे पाहिलं. चिठ्ठीवरची शाई पसरली होती. 'जेली' एवढं वाचता येत होतं आणि खाली मरीटाची सही. मरीटा ही इथली संशोधक विद्यार्थिनी. तिचा विषय बॉक्स जेलीफिशचं विष, आणि ती सकाळीच बोटीने प्रवाळांकडे गेली होती.

"बाप रे," डूली म्हणाला.

"बाप रे म्हणजे? नीट सांगा ना!"

"काही नाही रे. ते विष पेशीपटलाला भोकं पाडतं. भोकातून पोटॅशियम बाहेर, मीठ आणि पाणी आत. पेशी फुगते, फुगते, आणि..." डूलीने दोन्ही हातांनी काहीतरी फुटल्याचं दाखवलं. मग नेव्हिलचा चेहरा पाहून घाईने म्हणाला, "सगळ्याच नाही फुटत. हृदयाच्या जरा लवकर."

किनाऱ्यावरच्या खांबाला जेलीफिशच्या डंखासाठी व्हिनेगरची बाटली टांगलेली असते, ती नेव्हिलला आठवली. तो तसाच उन्हात पळाला आणि ती अख्खी बाटली अंगावर ओतून परत आला.

"अरे वेड्या, ते डंखावर ओततात. विष आत गेल्यावर काय उपयोग?"

"मग काय करू? तुमचं व्याख्यान ऐकत मरू?"

हे मात्र डूलीला लागलं. त्याने रुग्णवाहिका बोलावली, मग वायरलेसवर बोट गाठली. "मरीटा! तुझी जेलीची बाटली नेव्हिलवर सांडली. काय करायचं?"

पलीकडे वारा घोंघावत होता. त्यातून मरीटाचे तुटक शब्द आले. "...अजिबात हलवू नका... गार ठेवा... उन्हात गेलं तर संपलं..." आणि आवाज गेला.

नेव्हिल नुकताच उन्हातून पळत आला होता.

"झोप!" डूली ओरडला. त्याने नेव्हिलला चाकांच्या टेबलावर आडवं केलं, ढकलत शीतगृहात नेलं आणि चंदेरी कागदात मानेपर्यंत गुंडाळलं. "बोटसुद्धा हलवू नकोस." वायरलेस त्याच्या छातीवर ठेवून तो म्हणाला, "मी ते सांडलेलं पुसून फाटकाशी थांबतो."

दार बंद झालं. आजूबाजूला बरण्यांमध्ये जेलीफिश तरंगत होत्या. नेव्हिलचे ओठ बधिर झाले, दात वाजू लागले, बोटं निळी पडली. सुरू झालं, त्याला वाटलं. छातीत प्रत्येक ठोका पडला की तो पुढच्याची वाट बघायचा. बायकोला फोन करावासा वाटला, पण फोन खिशात होता आणि हलायचं नव्हतं. ग्लेनिस एकटी त्या घरात काय करेल, या विचाराने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायलाही हात काढता येईना.

एवढ्यात छातीवरचा वायरलेस खरखरला. "हॅलो? आता ऐकू येतंय का? बाकीच्या बाटल्या सुखरूप आहेत ना?"

"म... मरीटा, मी नेव्हिल. शीतगृहात. हललो नाही."

"तू शीतगृहात काय करतोयस?"

"तूच म्हणालीस, गार ठेवा."

"बाटल्या गार ठेवा म्हटलं! त्यात जिवंत पेशी आहेत. सांडली ती नुसती गोठवायच्या द्रावाची. त्यात विष कुठलं?"

"पण जेली लिहिलंय."

"जेलीच्या पेशींसाठी, म्हणून! आणि असतं ना विष, तरी त्याचे रेणू केवढे मोठे, नुसत्या कातडीतून आत घुसणार कसे? डॉ. डूलींना विचारायचंस की."

"त्यांनाच विचारलं होतं," नेव्हिल म्हणाला.

तो कागद सोडून उठला. बाहेरच्या उकाड्यात त्याला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं. रुग्णवाहिकेला फोन करून त्याने येऊ नका म्हणून सांगितलं, चहा केला, आणि पहिला घोट घेणार तोच दारात डूली उभा राहिला. चेहरा पांढराफटक, हातात ओलं फडकं. हातमोजे नव्हतेच.

"नेव्हिल," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. नेव्हिल बाहेर कसा, हे विचारायचंही त्याला सुचलं नाही. "माझ्या तोंडात... लसूण येतोय रे."

नेव्हिलने कप खाली ठेवला. समोरच्या माणसाला काय वाटत असेल, हे या घटकेला जगात त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. त्याने डूलीला हाताला धरून हळुवार खुर्चीत बसवलं आणि चंदेरी कागद खांद्यांवर पांघरला.

"हलू नका, डॉक्टर," तो म्हणाला.

सांगायचं तर होतंच. पण चहा निवत होता.